शुद्ध म्हणजे सक्षम नव्हे

जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत ड्राय आइसच्या खोक्यांतून येणाऱ्या नळ्यांमध्ये एक प्रकार नेहमीचा असतो. रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवलेला मानवी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. जनुकातला मजकूर आरएनएमध्ये कधी उतरवायचा आणि किती उतरवायचा, हे ठरवणारी ही प्रथिनं. माणसाच्या पेशीत ती फार थोडी असतात, तिथून प्रयोगापुरती गोळा करणं अतिशय अवघड. म्हणून त्यांचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत किंवा कीटकांच्या पेशीत घालायचं आणि प्रथिन त्यांच्याकडून बनवून घ्यायचं. नळीवरच्या चिठ्ठीवर प्रथिनाचं नाव असतं, मायक्रोग्रॅममध्ये वजन असतं, शुद्धता ९० किंवा ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचं लिहिलेलं असतं, लॉट नंबर असतो आणि उणे ८० अंशांना ठेवण्याची सूचना असते. एवढ्या माहितीवर पुढचे कित्येक महिन्यांचे प्रयोग उभे राहतात. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. नळीत कोणतं प्रथिन आहे हे चिठ्ठी सांगते, पण त्यातलं काम करणारं किती आहे हे सांगत नाही. ते ज्याचं त्याने, प्रत्येक बॅचला मोजायचं असतं. आणि हे मोजणं संशोधनाच्या आधीची हमाली समजून उरकून टाकणं चूक आहे, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्यावरच ठरतो.

हे म्हणणं तपासायला पी-५३ हे प्रथिन सर्वांत सोयीचं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत याचं जनुक बिघडलेलं आढळतं. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी-५३ साठू लागतं, ठरावीक अक्षरक्रमांवर जाऊन बसतं आणि पी-२१ सारखी जनुकं चालू करतं. मग पेशीचं विभाजन थांबतं, दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. ३९३ अमिनो आम्लांच्या चार साखळ्या एकत्र आल्या की हे प्रथिन पुऱ्या ताकदीने कामाला लागतं. डीएनए धरणारा त्याचा मधला भाग जस्ताच्या एका अणूमुळे आकारात राहतो आणि तीन सिस्टीन व एक हिस्टिडीन मिळून तो अणू जागेवर धरतात. हा मधला भाग कमालीचा नाजूक आहे. साधारण ४४ अंश सेल्सियसला तो उलगडतो, म्हणजे शरीराच्या तापमानापासून फार दूर नाही. सुटा केलेला हा भाग ३७ अंशांना ठेवला तर त्यातला निम्मा सुमारे ९ मिनिटांत उलगडतो, असं केंब्रिजच्या अ‍ॅलन फर्श्ट यांच्या गटाने मोजून दाखवलं आहे. पेशीत पी-५३ सतत मोडतं आणि सतत नव्याने बनतं, त्यामुळे तिथे भागून जातं. नळीत नवा पुरवठा नसतो. जे बिघडलं ते बिघडलेलंच राहतं आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात मोजलं जातं.

बिघडायला वाटाही पुष्कळ असतात. जिवाणूंची वाढ ३७ अंशांना करायची, पण प्रथिन बनवण्याचा इशारा देताना तापमान १८-२० अंशांवर आणायचं आणि माध्यमात थोडं जस्त घालायचं. इथे घाई केली तर प्रथिन बनतं भरपूर, पण जिवाणूच्या आतच गठ्ठे होऊन बसतं. पुढे पेशी फोडल्या की त्यातली पाचक विकरं प्रथिनाचे तुकडे करू नयेत म्हणून अवरोधक गोळी टाकतात. ही गोळी बाजारात दोन प्रकारची मिळते, ईडीटीए असलेली आणि नसलेली. ईडीटीए धातूचे अणू पकडून ठेवतं. ते शुद्धीकरणाच्या निकेल कॉलमवरचं निकेल ओढून घेतं हे सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण प्रथिन कॉलमला चिकटत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. तेच ईडीटीए सावकाश प्रथिनातलं जस्तही काढून नेऊ शकतं, आणि ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. सिस्टीनचं ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून डीटीटी घालावं, तर ते निकेलच्या कॉलमला मानवत नाही, कॉलम तपकिरी होतो. मग त्या टप्प्यापुरतं ते वगळलं जातं आणि नेमक्या तेवढ्या वेळात प्रथिन उघडं पडतं. शेवटी गोठवणं आणि वितळवणं आलं. एकच नळी चार वेळा काढून आत ठेवली तर चौथ्या वेळचं प्रथिन पहिल्या वेळचं राहत नाही.

या सगळ्यातून पार पडलेल्या प्रथिनाची परीक्षा आपण जेलवर घेतो. नमुना एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळायचा, विजेच्या दाबाखाली जेलमधून धावू द्यायचा, निळ्या रंगाने रंगवायचा. एकच ठसठशीत पट्टा आला की प्रथिन शुद्ध. पण या परीक्षेत पहिल्याच पायरीला प्रथिनाची घडी मोडलेली असते. चार साखळ्या सुट्या झालेल्या असतात, जस्त निघून गेलेलं असतं. नीट घडी असलेलं पी-५३ आणि आधीच उलगडून निकामी झालेलं पी-५३ जेलवर एकाच जागी, एकाच जाडीचा पट्टा देतात. वजनाच्या बाबतीतही हा पट्टा पुरता खरा नाही. पी-५३ हे नाव पडलं ते जेलवर ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसलं म्हणून. प्रत्यक्षात साखळीचं वजन सुमारे ४३.७ किलोडाल्टन आहे. साखळीत प्रोलीनची दाटी असलेला भाग आहे, त्यामुळे ती जेलमधून हळू सरकते. शुद्ध असणं आणि कामाचं असणं यांतला फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बियाण्याच्या पिशवीवर भौतिक शुद्धता वेगळी लिहिलेली असते आणि उगवणक्षमता वेगळी, आणि तरीही पेरणीआधी तो ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून किती कोंब फुटतात ते बघतो. जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत मात्र शुद्धतेचा आकडा हाच उगवणीचा आकडा समजून पेरणी होते.

ही उगवण चाचणी अवघड नाही. पी-५३ डीएनएच्या साधारण २० जोड्यांच्या क्रमावर चार साखळ्यांनी मिळून बसतं. असा क्रम असलेला डीएनएचा तुकडा मुद्दाम भरपूर घ्यायचा, समजा २०० नॅनोमोलर, म्हणजे प्रथिन आणि डीएनए यांची ओढ किती तीव्र आहे हा प्रश्नच उरत नाही. जितकं कामाचं प्रथिन असेल तितकं डीएनएवर बसेलच. मग प्रथिन थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि प्रत्येक पायरीला किती डीएनए अडकलं ते पाहायचं. जेलवर डीएनएचा मोकळा पट्टा खाली धावतो आणि प्रथिनाने धरलेला वर अडकतो, त्यामुळे हिशेब डोळ्यांना दिसतो. सगळं प्रथिन सक्षम असेल तर ८०० नॅनोमोलर साखळ्यांना सगळं डीएनए भरायला हवं. ते २४०० ला भरलं, तर नळीतलं तृतीयांश प्रथिनच कामाचं आहे. उरलेलं तितकंच शुद्ध, तितकंच निळं रंगणारं, पण निकामी. आता याच नळीतून कोणी बंधाची ताकद मोजली आणि चिठ्ठीवरचं प्रमाण धरून आकडा काढला, तर तो किमान तिपटीने चुकणार. जोडीला जस्ताचं प्रमाण रंगबदलाच्या एका साध्या रसायनाने तपासता येतं, आणि आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर गठ्ठे किती आणि चौकडी किती हेही दिसतं. दोन दिवसांचं हे काम, पण पुढच्या सगळ्या निष्कर्षांना त्याने पाया मिळतो.

हातातली वस्तू नेमकी काय आहे हे न तपासल्याची किंमत किती असते, हे पी-५३ च्या स्वतःच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९७९ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये अर्नोल्ड लेव्हिन आणि डॅनियल लिंझर, आणि त्याच सुमारास आणखी काही गट या प्रथिनापर्यंत पोहोचले. पुढे त्याच्या जनुकाच्या प्रती वेगळ्या करून पेशींत घातल्या गेल्या, तेव्हा पेशी कर्करोगाच्या वाटेला लागायला मदत झाली. म्हणून पी-५३ कर्करोग घडवणारं आहे, असा समज जवळजवळ दहा वर्षं टिकला. १९८०च्या दशकाच्या शेवटी उलगडा झाला की प्रयोगांत वापरलेल्या या प्रतींमध्येच बदल झालेला होता. निरोगी प्रत घातली तर उलट परिणाम होतो, पेशींची बेफाम वाढ रोखली जाते, हे १९८९ मध्ये लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगात हे जनुक बिघडलेलं असल्याचं मांडलं. प्रयोग करणारे अव्वल दर्जाचे होते, पद्धती चांगल्या होत्या, आकडे पुन्हा पुन्हा येत होते. नाव बरोबर होतं, वस्तू वेगळी होती. तेव्हा जनुकाची अक्षरं वाचणं आजच्याइतकं सोपं नव्हतं, ही सबब त्यांना लागू होते. आपल्याला ती लागू होत नाही.

दुसरा धडा अधिक बारीक आहे. १९९२ मध्ये डंडी इथल्या लेन यांच्या गटाने जिवाणूत बनवलेलं पी-५३ डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर तपासलं. ते फारसं बसत नव्हतं. पण साखळीच्या शेवटच्या टोकाला एक प्रतिपिंड चिकटवलं, किंवा त्या टोकावर फॉस्फेट चढवला, किंवा टोकच कापून टाकलं, की ते नीट बसू लागे. यावरून असं चित्र तयार झालं की पी-५३ स्वतःच्या शेपटीने स्वतःला आवरून धरतं आणि संकेत मिळाला की सुटतं. निष्कर्ष देखणा होता आणि बरीच वर्षं तो पायाभूत मानला गेला. २००१ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या होआकिन एस्पिनोसा आणि बेव्हर्ली इमर्सन यांनी पी-२१ जनुकाचा लांब तुकडा, पेशीत असतो तसा क्रोमॅटिनमध्ये गुंडाळून घेतला. त्यावर अखंड पी-५३ छान बसलं, आणि तीच शेपटी तिथे अडथळा न होता उपयोगी ठरली. म्हणजे आधीचं मोजमाप खोटं नव्हतं, पण ते त्या प्रथिनाचं त्या छोट्या तुकड्यावरचं वागणं होतं. ते पेशीतल्या पी-५३ चा स्वभाव म्हणून वाचलं गेलं. ‘सक्षम’ म्हणताना कशासाठी सक्षम हे सांगावं लागतं, हा यातला बोध आहे. म्हणूनच कंपनीने लिहिलेलं ‘कार्यक्षमता तपासलेली’ हे वाक्य पुरेसं नसतं. कोणत्या डीएनएवर, किती मिठात, किती तापमानाला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रथिन विकत घेतलं तर गुणवत्ता बघणं विकणाऱ्याचं काम, आपण पुन्हा का तपासायचं? याचं उत्तर असं की विकणाऱ्याने तपासलेली नळी आणि आपल्या बर्फात रोवलेली नळी यांच्यामध्ये मोठा प्रवास असतो. परदेशातून निघालेलं खोकं विमानतळावर सीमाशुल्काच्या रांगेत थांबतं, ड्राय आइस उडून जातो, आणि खोकं उघडताना तळाला किती शिल्लक आहे यावरून अंदाज करावा लागतो. शिवाय विकणाऱ्याने प्रथिनाला जोडलेली शेपटी आपल्या प्रश्नाला बाधक आहे का, हे त्याला कळण्याचं कारण नाही. शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून जोडला जाणारा जीएसटी हा भाग स्वतःच दोन-दोनच्या जोडीने राहतो. पी-५३ च्या चार साखळ्या कशा एकत्र येतात हे शोधणाऱ्याला अशी नळी प्रश्नाचं उत्तर आधीच वाकवून देते. जीएसटीला पकडणाऱ्या मण्यांवर पी-५३ अडकवून त्याचे भागीदार शोधणाऱ्याला तीच नळी उत्तम. जिवाणूत बनवलेल्या प्रथिनावर मानवी पेशीतली फॉस्फेटची खूण नसते, कीटकपेशीत बनवलेल्यावर काही प्रमाणात असते. यातलं चांगलं कोणतं हे प्रश्नावर ठरतं, आणि प्रश्न आपला असतो.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. बहुतेक प्रयोग तुलनेचे असतात. निरोगी पी-५३ आणि बदललेलं पी-५३ एकाच पद्धतीने बनवलं, एकाच दिवशी मोजलं, तर चूक दोन्हीकडे सारखीच येईल आणि वजाबाकीत निघून जाईल, असं म्हणतात. चूक सारखी आली असती तर हे खरं ठरलं असतं. पी-५३ मधले बदल मात्र वेगवेगळ्या तऱ्हेचे आहेत. २७३व्या जागचं आर्जिनिन बदललं तर प्रथिनाची घडी बहुतांशी शाबूत राहते, फक्त डीएनएला धरणारा हात जातो. १७५व्या जागचं आर्जिनिन बदलून तिथे हिस्टिडीन आलं तर जस्ताजवळची घडीच ढासळते. दोन्ही प्रथिनं डीएनएवर कमी बसतात. एकात प्रत्येक रेणूची पकड गेलेली असते, दुसऱ्यात उभे राहू शकणारे रेणूच कमी असतात. सक्षम भाग मोजला नाही तर हे दोन्ही आलेखावर एकसारखे दिसतात. आणि उपचाराच्या दृष्टीने दोन्हींतला फरक निर्णायक आहे, कारण ढासळणाऱ्या प्रथिनाला सावरणारा रेणू शोधणं आणि गेलेली पकड परत आणणं ही दोन निराळी कामं आहेत. तुलनेत नाहीशी होईल म्हणून सोडून दिलेली गोष्ट म्हणजेच पुष्कळदा शोधायची गोष्ट असते. २०१७ मध्ये पवईला आयआयटी मुंबईतल्या समीर माजी यांच्या गटाने कर्करोगाच्या ऊतींमध्ये पी-५३ चे अमिलॉइड प्रकारचे गठ्ठे दाखवले आणि त्यातून प्रथिनाचं काम कसं बंद पडतं हे मांडलं. सेंट्रिफ्यूजनंतर नळीच्या तळाशी बसणारा गाळ टाकून देण्याआधी तो किती आणि का, हे विचारलं पाहिजे असं मी म्हणते ते यासाठी.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. आपल्याकडच्या विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे आधीच मोजका निधी असतो, ५० मायक्रोग्रॅमच्या नळीसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, आणि त्यातलंच प्रथिन तपासणीत खर्च करायचं म्हणजे चैन वाटते. ही अडचण खरी आहे आणि ती हलकी लेखू नये. पण जिथे निधी कमी तिथेच तपासणी अधिक गरजेची, असं मला वाटतं. श्रीमंत प्रयोगशाळेची बॅच वाया गेली तर ती दुसरी मागवते. इथे निकामी बॅचवर विद्यार्थ्याची दोन वर्षं जातात, आणि निकाल नकारार्थी आला म्हणून चांगली कल्पना कायमची सोडली जाते. बंध आढळला नाही, या वाक्यामागे बंध नव्हता की बांधणारंच नव्हतं, हे कोणालाही सांगता येत नाही. शिवाय फार मोठ्या यंत्रांची गरज नाही. जेल, डीएनएचा खूण लावलेला तुकडा, २६० आणि २८० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो हे मोजणारं साधं उपकरण, एवढ्यावर पहिली फेरी होते. त्या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून प्रथिनासोबत जिवाणूचं डीएनए चिकटून आलं आहे का हेही कळतं, आणि ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या बाबतीत ही भेसळ नेहमीची, कारण डीएनए धरणं हाच त्याचा धर्म. २०२१ मध्ये युरोपातल्या प्रथिन-तज्ज्ञांच्या दोन जाळ्यांनी मिळून शुद्ध केलेल्या प्रथिनाची किमान कोणती तपासणी व्हावी याची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या मूलभूत चाचण्या आपल्या बहुतेक विद्यापीठांच्या आवाक्यात आहेत.

शेवटचा आक्षेप मुळावरच घाव घालतो. नळीतलं प्रथिन कितीही तपासलं तरी ते पेशीबाहेरचं, कृत्रिम. त्यापेक्षा थेट पेशींतच प्रयोग का करू नयेत? पेशींतले प्रयोग हवेतच. पण पेशीत शेकडो गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यातली कोणती कोणामुळे, हे सुटं करायला नळी लागते. कृत्रिमपणा हा दोष नाही, न सांगितलेला कृत्रिमपणा हा दोष आहे. याचा पुरावा पी-५३ नेच दिला आहे. २२०व्या जागचं टायरोसीन बदलून सिस्टीन झालं की प्रथिनाच्या पृष्ठभागावर एक खाच पडते आणि घडी डळमळीत होते. इतकं डळमळीत प्रथिन अभ्यासायचं कसं, हा प्रश्न होता. फर्श्ट यांच्या गटाने आधी चार मुद्दाम निवडलेले बदल करून पी-५३ चा मधला भाग भक्कम करून घेतला होता. त्या भक्कम प्रथिनात २२०व्या जागचा बदल घालून त्यांनी स्फटिक मिळवले आणि ती खाच अणूअणूपर्यंत पाहिली. २००८ मध्ये खाचेत बसून प्रथिनाला सावरणारा पहिला लहान रेणू त्यांनी मांडला. त्याच खाचेत बसणारं रेझाटापॉप्ट हे औषध पुढे रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. स्फटिकांसाठी वापरलेलं ते प्रथिन निसर्गात कुठेच नव्हतं, पाच जागी बदललेलं होतं. तरीही त्यातून निघालेलं ज्ञान टिकलं, कारण प्रत्येक बदल काय आहे, तो कशासाठी केला आणि त्याने स्थैर्य किती वाढलं हे मोजून लिहिलेलं होतं. नळीतल्या वस्तूचा पूर्ण हिशेब ठेवला तर तिच्यावरून पेशीबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आपल्या विभागांतल्या मार्गदर्शकांकडे, परीक्षकांकडे आणि निधी देणाऱ्यांकडे आहे. प्रथिनावर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधात एक पान त्या प्रथिनाचं असावं. त्यावर जनुकाची वाचून घेतलेली अक्षरं असावीत, जोडलेली शेपटी कोणती हे असावं, बॅच आणि तारीख असावी, गोठवल्यावितळवल्याची नोंद असावी, आणि त्या प्रयोगाच्या तापमानाला व मिठात मोजलेला सक्षम भाग टक्क्यांत असावा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न आलेखावर न विचारता या पानावर विचारावा. निधीच्या अर्जात या तपासणीसाठी वेगळी रक्कम मागावी आणि ती मंजूर व्हावी. जो विद्यार्थी आपल्या बॅचमधलं ६० टक्के प्रथिन निकामी असल्याचं लिहितो, त्याचं काम कच्चं ठरवू नये. त्याच्या उरलेल्या ४० टक्क्यांवर उभा राहिलेला आकडा दुसऱ्या कोणालाही पुन्हा मोजता येतो, आणि विज्ञानात आकड्याला किंमत येते ती त्यामुळेच.